चपला बाहेर, माणूस आत

“कोण आहे का आत?”

दाराच्या फटीतून तोंड आत घालून कडीकाकांनी हाक दिली. आतला गरम, दमट लोट तोंडावर आला, चष्म्यावर वाफ धरली आणि समोरचं सगळं दुधासारखं पांढरं झालं. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा चढवला.

“आत कोणी आहे का? असलं तर ओ द्या!”

“टोमॅटो आहेत, काका!” शेडमधून भोंगाबाई ओरडली. “जरा कान देऊन ऐका, त्यातला एखादा देईल ओ.”

लांब टेबलाशी चकत्या कापत बसलेल्या बायका फिसकन हसल्या. भोंगाबाईचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी रस्त्यापलीकडचं कुत्रं कान टवकारायचं. हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. म्हणजे दिलं, कानही लाल झाले, पण मान वळवली नाही. तिसरी हाक राहिली होती. ती त्यांनी दिली, थोडं थांबले, मग दारासमोरच्या फरशीकडे पाहिलं. तिथे कोणाच्याच चपला नव्हत्या. तेव्हा कुठे त्यांनी दार ओढलं, लोखंडी कडी चढवली आणि ती नीट बसावी म्हणून तळव्याने खाली दाबली. शेडपर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा दाबली.

“बसली हो, बसली!” टेबलाच्या टोकाशी बसलेली त्यांची बायको मान वर न करता म्हणाली. “आता ती उठायची म्हटली तरी उठायची नाही.”

“अगं, एकदा बघितलं तर काय बिघडतं?”

“एकदा बघितलं तर काहीच नाही बिघडत.”

पुन्हा हशा झाला.

त्या जागेला सगळे काचघर म्हणत, पण तिच्यात काच औषधालाही नव्हती. अर्धगोल लोखंडी कमानी, त्यांवर दुधी प्लॅस्टिकचे जाड पत्रे आणि खाली काळी फरशी. आत दोन्ही अंगांना मांडण्या आणि मांडण्यांवर जाळीचे ट्रे. त्यांत सुकायला पसरलेल्या टोमॅटोच्या चकत्या, आल्याचे काप, कधी कांदा, कधी पालेभाजी. ऊन पत्र्यातून आत यायचं आणि आतच अडकून पडायचं. दाराच्या समोरच्या टोकाला, जमिनीलगत, जाळी लावलेल्या छोट्या खिडक्या होत्या. त्यांतून बाहेरची हवा आत शिरायची, तापायची, चकत्यांमधलं पाणी उचलायची आणि दाराच्या वर बसवलेल्या पंख्यांतून बाहेर पडायची. पंखे तारेच्या विजेवर नव्हते. शेजारी उभ्या केलेल्या सोलर पॅनेलवर ते चालत, म्हणजे ऊन चढलं की पंखे चढत आणि ढग आला की मलूल होत. भर दुपारी दारात उभं राहून बोललेलं शेजारच्याला ऐकू जात नसे.

कडी होती ती बाहेरून. त्या बाजूला वारा फार. एकदा दार नुसतं लोटलेलं राहिलं, वाऱ्याने ते सताड उघडलं आणि तयार झालेला सगळा माल धुळीने माखला. फेकून द्यावा लागला. तेव्हापासून कडी लावायचं काम काकांकडे आलं. आणि तेव्हापासून ही भीती त्यांच्या मागे लागली.

कारण भर दुपारी आत माणूस फार टिकत नाही. आत जायचं, भराभर ट्रे पालटायचे आणि बाहेर येऊन आधी पाणी प्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका एकदा कोपऱ्यातली कलती मांडणी सरळ करत जरा जास्त रेंगाळले, तर गुडघ्यांतलं बळच गेलं. दार हाताशी होतं म्हणून निभावलं. बाहेर येऊन पाणी पिताना त्यांच्या मनात आलं, दार उघडलं नसतं तर? हा प्रश्न एकदा मनात शिरला तो शिरलाच. जेवताना, अंघोळ करताना, झोपेत कूस बदलताना तो आपला जागेवर. कुणीतरी आतून पत्र्यावर थापा मारतंय, असं त्यांना ऐकू यायचं. घरी चुलीवरच्या भांड्याचं झाकण थडथडलं तरी ते दचकायचे.

काचघरात अनवाणी जायचं, हा स्वच्छतेचा नियम आधीपासून होता. काकांनी त्यालाच आपला नियम जोडला. चपला काढायच्या त्या दारासमोरच, इकडेतिकडे नाही. चपला बाहेर, माणूस आत. चपला दिसल्या तर कडी लागणार नाही. आणि दिसल्या नाहीत, तरीही कडी लावण्याआधी तीन हाका.

या तीन हाकांचं हसं झालंच होतं. आतली बाई पहिल्या हाकेला ओ देतच नसे. हातातला ट्रे पालटून व्हायचा, मग सावकाश तिसऱ्या हाकेला “आहे हो!” असं यायचं. “पहिली हाक यांची,” काकांची बायको म्हणायची, “दुसरी यांच्या भीतीची. ओ द्यायची ती तिसरीला. आधी दिली तरी उरलेल्या दोन मारल्याशिवाय राहणार आहेत का?”

खरंच राहत नसत.

तसे काका जन्माचे भित्रे. भीती काही माणसांच्या अंगी रंगासारखी असते, ती कुठून आली असं विचारून उपयोग नसतो. स्वतःच्या लग्नाला निघाले होते, तर घराला कडी लावली की नाही ते बघायला अर्ध्या वाटेतून परत फिरले. सगळे खोळंबले. नवरी ताटकळली. “मला तेव्हाच कळायला हवं होतं,” ती चारचौघींत सांगायची, “की घरात एक सवत आहे. कडी नावाची.” रात्री निजण्याआधी काका दाराची कडी बघायला उठत, अंथरुणाशी येऊन परत जात, आणि ती अंधारातून म्हणे, “झोपली हो सवत. आता तुम्हीही झोपा.”

या हसण्यावरच त्यांचं चाललं होतं म्हटलं तरी चालेल. ती हसली की भीती जरा लहान व्हायची.

एकदा धीर करून काकांनी मॅडमना सांगितलं होतं. मॅडम म्हणजे काचघर चालवणाऱ्या बाई. स्वभावाने चांगल्या, पण सदा घाईत. “आतूनही उघडेल अशी कडी बसवू या का?” काकांनी विचारलं.

“चांगली कल्पना आहे, काका. पंख्यांचा माणूस येईल ना, त्याच्याकडूनच करून घेऊ.”

पंख्यांचा माणूस आला, पंखे दुरुस्त करून गेला. कडीचं राहिलं. आठवण करून द्यायची म्हणजे मॅडमच्या टेबलासमोर पुन्हा जाऊन उभं राहायचं. काका ऑफिसच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. भीड भिकेची बहीण, म्हणतात ते खोटं नाही.

मोठे घेणारे यायचे होते, त्या दिवसाची गोष्ट.

त्यांना माल पसंत पडला तर हंगामाचा सगळा माल तेच उचलणार होते. सकाळपासून झाडलोट चालली होती. घरून निघताना बायकोच्या चपलेचा अंगठा निघाला. दुसरा जोड नव्हता. तिने सुई घेतली, हाताला आला तो निळा दोरा ओवला आणि उभ्या उभ्या टाके घातले.

“काळा नव्हता का?” काकांनी विचारलं.

“पाहुणे काय माझ्या पायाकडे बघायला येणार आहेत? तुम्ही आपली कडी बघा.”

काकांनी बघितली. दोनदा.

कामावर पोचल्यावर मॅडमनी त्यांना बाजूला घेतलं. “काका, एक विनंती करू का? रागावू नका.”

“नाही, नाही. मी कशाला रागावतोय.”

“आज ते हाका मारणं नको. लोक विचारतील, हे काय? मग आत माणूस अडकतो की काय, असं वाटेल त्यांना. एवढं मोठं काम हातात येतंय. नियम बरोबर आहे तुमचा, मी नाही म्हणत नाही. आजच्या दिवस फक्त जरा हळू.”

“हळू,” काका म्हणाले.

“हळू मारा. चालेल ना?”

काकांनी मान हलवली. त्यांना कुणी विनंती केली की नाही म्हणायला शब्दच सापडत नसे. ऑफिसच्या पायरीशी एक नवं लाकडी स्टँड येऊन बसलं होतं, ते त्यांनी जाता जाता पाहिलं. रिकामंच होतं. कुंड्यांसाठी असेल, असं त्यांना वाटलं.

पाहुणे आले तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं आणि पंखे घोंगावत होते. दोघे पुरुष आणि एक बाई. त्यांच्यातला जाडसर गृहस्थ सारखा रुमालाने मान पुसत होता. मॅडमनी त्यांना पॅनेल दाखवलं, जाळीच्या खिडक्या दाखवल्या, दाराच्या फटीतून आतला लोट दाखवला. “बापरे!” तो गृहस्थ मागे सरकत म्हणाला. मग सगळे ऑफिसमध्ये चहाला गेले. काका काचघराच्या मागच्या बाजूला जाऊन खिडक्यांच्या जाळीवर अडकलेला पालापाचोळा काढू लागले. कडी लावली नव्हती. चहानंतर पाहुण्यांना पुन्हा आत डोकवायचं होतं.

पालापाचोळा काढून होतो न होतो, तोच वारा सुटला. पश्चिमेकडे आभाळ पिवळट झालं आणि रस्त्याच्या कडेने धुळीचा एक लोट उठून सरळ इकडेच यायला लागला.

“काका, दार!” मॅडम ऑफिसच्या दारातून ओरडल्या. “दार लावा आधी!”

काका धावले. दार वाऱ्याने आदळत होतं. पाहुणे पायरीवर येऊन उभे राहिले होते आणि सगळे त्यांच्याचकडे बघत होते. काकांनी फरशीकडे पाहिलं. चपला नव्हत्या. एकही नव्हती. त्यांनी आत तोंड घातलं. चष्म्यावर वाफ धरली. पंखे डोक्यावर गरगरत होते.

“कोण आहे का आत?” ते म्हणाले.

आजाऱ्याच्या खोलीत हाक मारावी, तशी ती हाक होती. दुसरी गळ्यापर्यंत आली. त्यांनी वळून पायरीकडे पाहिलं. जाड गृहस्थाने मॅडमना काहीतरी विचारलं होतं आणि मॅडम हसून, हात हलवून काहीतरी सांगत होत्या. दुसरी हाक काकांनी गिळली. दार ओढलं, कडी चढवली आणि तळव्याने दाबली. जोरात दाबली. हाकेचा राहिलेला जोरही जणू तिथेच लावला.

धूळ आली आणि पत्र्यांवर खडखडली. डोळे मिटून काका शेडकडे गेले.

शेडमध्ये पळापळ होती. बायकांनी तोंडाला फडकी गुंडाळली होती आणि कापलेल्या चकत्यांवर कापडं ओढली होती. काकांची नजर सवयीने टेबलाच्या टोकाला गेली. तिथे पाठमोरी बाई बसली होती, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडाला फडकं. ते तिच्याजवळ गेले.

“अगं, डोळ्यांत गेलं का?”

बाईने वळून पाहिलं. फडक्यावरचे डोळे भोंगाबाईचे होते.

“मला ‘अगं’ म्हणायला लागलात, काका? काकूंना सांगू का?”

“ती कुठंय?”

“असतील इथेच. चकत्या उडत होत्या म्हणून मी बसले इथे.”

“इथेच म्हणजे कुठे?”

“पाण्याला गेल्या असतील. काका, झालं का तुमचं सुरू? घडीभर बायको दिसली नाही तर...”

काका पुढचं ऐकायला थांबले नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी कोणी नव्हतं. मोरीच्या दाराशी जाऊन त्यांनी खाकरून पाहिलं, मग नुसतंच ढकललं. रिकामी. घरी गेली असेल का? पण ती न सांगता जाणार नाही. धुळीत मध्येच कुठे निघेल? काकांनी स्वतःला समजावलं, की अरे, तू असाच आहेस. आजवर कितीदा तुला वाटलं आणि कितीदा ते खरं निघालं? एकदाही नाही. बाजारात ती डोळ्याआड झाली की तू घामाघूम होतोस आणि ती भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी असते. आत्ताही मागेच असेल.

त्यांनी मागे वळून पाहिलं.

आणि तेव्हा त्यांना थापा ऐकू आल्या. अगदी बारीक. पंख्यांच्या घोंगाटाखाली कुठेतरी, ठक्, ठक्.

हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता, तीच तर पंचाईत होती. हा त्यांनी झोपेत ऐकला होता, जेवताना ऐकला होता. कोणाला सांगायचं? “मला थापा ऐकू येतात” म्हटलं, तर भोंगाबाई काय म्हणेल, तेही त्यांना ठाऊक होतं. तरीही पाय काचघराकडे वळले. दारापाशी पोचेपर्यंत मॅडम आडव्या आल्या. केस धुळीने पांढरे झाले होते.

“काका, आता नका उघडू. वारा अजून आहे. सगळा माल जाईल.”

“मॅडम, ही दिसत नाही.”

“काकू? असतील हो इथेच. दारासमोर चपला होत्या का?”

“नव्हत्या.”

“मग?” मॅडम म्हणाल्या. “तुमचाच नियम ना?”

त्यांचाच नियम होता. चपला नाहीत, म्हणजे माणूस नाही. हे त्यांनीच सगळ्यांना पढवलं होतं आणि कधी नव्हे ते आज कुणीतरी त्यांच्याच शब्दांत त्यांना धीर देत होतं. ते मागे फिरले. ऑफिसच्या पायरीवरून पलीकडे जाऊन रस्त्याला बघावं, घराकडे जाताना कुठे दिसते का, म्हणून निघाले.

पायरीशी ते लाकडी स्टँड होतं. ते आता रिकामं नव्हतं. वरच्या फळीवर पाहुण्यांचे चकचकीत बूट, खालच्या दोन फळ्यांवर बायकांच्या चपला, शेडच्या कडेच्या आणि काचघराच्या दारासमोरच्या, सगळ्या एकीला एक लावून नीट ओळीत ठेवलेल्या. शेवटच्या जोडाच्या अंगठ्याला निळे टाके होते.

त्याच वेळी धुळीने ऊन झाकलं. पंख्यांचा आवाज उतरत उतरत गेला. आणि त्याच्या खालून तो दुसरा आवाज वर आला. ठक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, ठक्.

काका धावले. मॅडमनी काही म्हटलं की नाही, ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. कडीला हात घातला तर कडी निघेना. स्वतःच दाबून बसवलेली. इतकी वर्षं ती निघू नये म्हणून जीव टाकला होता आणि आता ती निघत नव्हती. त्यांनी खालून ठोसे मारले, बोटाचं साल निघालं, तेव्हा ती वर आली.

वाफेने चष्मा पांढरा झाला. काकांनी तो काढून टाकला. या वेळी त्यांनी ‘कोण आहे का आत’ असं विचारलं नाही. त्यांनी तिला नावाने हाक मारली. अशी मारली, की शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. काकूंचं नाव त्यांना त्या दिवशी कळलं.

ती पार दुसऱ्या टोकाला होती. मांडण्यांच्या मागे, फरशीवर पालथी, तोंड जमिनीलगतच्या खिडकीच्या जाळीला लावलेलं. हातात रिकामा ट्रे होता आणि त्याची कड ती जाळीच्या चौकटीवर आपटत होती. काका तिच्याजवळ बसले, तरी तो हात थांबला नाही. ठक्.

भोंगाबाईने तिला मुलासारखं उचलून बाहेर आणलं. पाणी, ओली फडकी, रिक्षा, दवाखाना. जाड गृहस्थाने आपली गाडी पुढे केली होती, पण तोवर रिक्षा निघाली होती. काका तिच्या पायांशी बसले होते. तळवे फरशीने भाजून लाल झाले होते. स्टँडवरच्या चपला कोणीतरी रिक्षात टाकल्या होत्या. काकांनी त्या मांडीवर घेतल्या आणि वाटभर त्यांचे टाके चाचपत राहिले.

“खिडकीशी तोंड नेलं, ते शहाणपण केलं त्यांनी,” डॉक्टर म्हणाले. “जीव त्यामुळे राहिला.”

ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. दुसऱ्या दिवशी ती थोडं बोलली. काका कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकत होते.

“मागच्या ट्रेमधल्या चकत्या जास्त लाल होत्या. म्हटलं, पाहुण्यांपुढे त्याच जाव्यात.”

“हो, हो. बोलू नकोस आता.”

“तुम्ही हाक दिलीत ना? ऐकली मी.”

काकांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

“ट्रे भरलेला होता हातात. म्हटलं, दुसरी येऊ दे. तिसरीला ओ देऊ.” तिने घोट गिळला. “तुम्ही एका हाकेवर कधी थांबला नव्हतात हो.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट समजत नाही म्हणून सांगावी, तसं ती सांगत होती. काकांनी पलंगाची कड धरली. आपण हळू बोललो, पाहुणे बघत होते, मॅडमनी सांगितलं होतं. ही सगळी वाक्यं त्यांच्याजवळ होती. पण त्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. ते उठले आणि तिला पाणी द्यायला लागले, तर पेला आधीच भरलेला होता.

मॅडम आल्या, रडल्या. आतून ढकललं की उघडेल असं दार त्यांनी त्याच आठवड्यात बसवून घेतलं. भोंगाबाई आली ती दाराशीच उभी राहिली. “मॅडम म्हणाल्या, सगळ्या चपला स्टँडवर लाव. मी पदरात भरल्या आणि लावल्या. कुठली कुठून उचलली, ते बघितलंच नाही, काका.” हे ती इतकं हळू बोलली, की काकांना तिला पुन्हा विचारावं लागलं.

काका कामावर जायला लागले. न जाऊन चालणार नव्हतं. नव्या दाराला कडीची तशी गरज नव्हती, तरी दार लावण्याआधी ते तीन हाका मारतच होते आणि आता कोणी हसत नव्हतं. पहिल्याच हाकेला टेबलावरून एकेक बाई ओ द्यायची. “मी बाहेर आहे, काका.” “मी बाहेर.” “मी पण.” ओ टेबलाच्या टोकापर्यंत यायची आणि तिथे थांबायची. दर वेळी काकांची नजर तिथे जायची, मग आठवायचं, की ती घरी आहे.

ती घरीच असायची. काम सोडलं होतं. तब्येत तशी सुधारली, तळवे भरून आले, आवाजही आला. पण दार लागलेलं तिला सोसत नसे. मोरीचं दार ती अर्धं उघडं ठेवी. ती घरी आल्यावर पहिल्या दिवशी काकांनी सवयीने घराचं दार लावून कडी घातली, तर ती स्वयंपाकघरातून धावत आली, कडी काढली आणि उंबऱ्यात उभी राहून धापा टाकत राहिली. मग तिने आपल्या चपला उचलल्या, दार आणि चौकट यांच्या मधल्या फटीत ठेवल्या आणि दार त्यांच्यावर टेकवलं. दार तेवढंच उघडं राहिलं. हात जाईल एवढं.

त्या चपला तेव्हापासून तिथेच होत्या.

काकांना ती रात्र अवघड गेली. उघड्या दाराच्या घरात ते जन्मात झोपले नव्हते. फटीतून रस्त्यावरचा प्रत्येक पाय ऐकू येत होता. कुणीही आत येईल. मांजर येईल, चोर येईल, काय वाट्टेल ते येईल. पूर्वी ती अंधारातून काहीतरी म्हणायची. आता ती म्हणत नव्हती, आणि तिलाही झोप नव्हती, हे काकांना तिच्या श्वासावरून कळत होतं. एवढ्याशा घरात आतापर्यंत एक भीती राहत होती. आता दोन झाल्या होत्या आणि दोघींना एकच दार होतं.

दिवस गेले. सवत हा शब्द तिने पुन्हा काढला नाही. काकांनीही काढला नाही.

एका संध्याकाळी जेवणं झाली, भांडी झाली, तिने अंथरुणं घातली. काका नेहमीसारखे उठले. दाराशी गेले. हात आपोआप कडीकडे वर गेला. कडी तिथेच होती, कित्येक दिवसांत कोणी न हलवलेली, धूळ बसलेली. काकांनी तिच्यावर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला. मग गुडघ्यांवर हात टेकत हळूहळू खाली बसले. वाऱ्याने दार जरा सरकलं होतं आणि चपलांमधली एक फटीतून निसटून बाहेर आली होती. तिचा निळा दोरा एका जागी उसवला होता. उद्या काळ्या दोऱ्याने शिवू, त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, नको, निळ्यानेच. त्यांनी ती चप्पल आत घेतली, दुसरीला जोडून फटीत नीट बसवली आणि तळव्याने खाली दाबून पाहिली. अंथरुणापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा दाबून पाहिली.

“आहेत का जागेवर?” आतून तिने विचारलं.

“आहेत,” काकांनी पहिल्याच हाकेला ओ दिली.